पाटीवरचं शेवटचं पान

“काकाजीले मी दुसऱ्यांदा मारलो, भाऊ.”

फोनवर एवढंच वाक्य आलं, मग नुसता श्वास. रामाजींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला. माणूस रडायला लागला की काय बोलावं, हे त्यांना सत्तराव्या वर्षीही कळत नसे.

“प्रफुल, बाबू, नीट सांग.”

“पाटी रिकामी झाली. अकरा वर्षांचे शब्द गेले. मी बटन दाबलो अन् गेले. सरितानं सगळ्यांसमोर मले घराबाहेर काढलं. आज सहा दिवस झाले.”

“मले त्या यंत्रातलं काय समजते?”

“काकाजी म्हणत, हरवलेलं पुस्तक रामाजीलेच सापडते.”

रामाजींना नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही धीर लागतो.

ते सिंदेवाहीच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांच्या जागी कुणाला नेमलंच गेलं नाही, म्हणून दुपारचे अजूनही जाऊन बसत. खुशाल गुरुजी त्यांचे एकुलते एक मित्र. कोसंबखेड्याचे, शाळेतून निवृत्त झालेले. गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडचे झाडीबोलीतले शब्द गोळा करायचे. आधीच्या वह्या उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ल्या, तेव्हा पुतण्या प्रफुलनं त्यांना एक जुना ई-रीडर आणि त्याला जोडायचा छोटा कीबोर्ड आणून दिला. राखाडी पडद्याचा, डोळ्यांना न खुपणारा. गुरुजी त्याला पाटी म्हणत. “उधई कार्डाले खात नाई,” असं हसून सांगत.

अठ्ठावीस मार्चला गुरुजी ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात वारले.

वाचनालयातल्या रामाजींच्या टेबलाच्या खणात गुरुजींची जानेवारीतली एक चिठ्ठी होती. तो खण त्यांनी तेव्हापासून उघडला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल मोटारसायकल घेऊन आला. तंत्रनिकेतनात शिकलेला पोरगा, पण चेहरा चुलीतल्या राखेसारखा झालेला.

कोसंबखेड्याच्या अलीकडे रस्ता जंगलातून जातो. एका सागाच्या खोडाला पट्ट्यानं बांधलेला हिरवा डबा दिसला. समोरच्या सागाला दुसरा. एकावर चिठ्ठी होती ‘७ अ’, दुसऱ्यावर ‘७ ब’. मोटारसायकल मधून गेली तसा एकात लाल दिवा लुकलुकला.

“आपला फोटो काढला का गा यानं?”

“काढला जी. वाघाचे कॅमेरे. वाघाच्या दोन्ही अंगांचे पट्टे येगळे राह्यतात, म्हणून दोन्हीकून. मुखरूच्या रुखमाबाईले वाघानं नेलं ना मोहफुलं वेचताना, त्याच सांजी लावले. गेल्या आठवड्यात सापडला तो. पिंजऱ्यात गेला.”

“कोणत्या दिवशी नेलं तिले?”

“सव्वीस मार्च. काकाजी तवा दवाखान्यात होते.”

रामाजींनी चष्मा सावरला. मग म्हणाले, “पाटी कशी चालते, मले पोराले सांगतात तसं सांग.”

“पाटीत कंपनीची एक यंत्रणा आहे. त्याच्यात पुस्तक वाचता येते, लिहिता येत नाई. म्हणून मी कार्डावर दुसरी यंत्रणा टाकली. कार्ड आत असलं की पाटी कार्डावरून चालू होते, लिहाले. कार्ड काढलं की कंपनीवाली, वाचाले.”

“अन् शब्द? ते पाटीत का कार्डात?”

“कार्डात. सगळं कार्डात. काकाजीले मी एवढंच सांगतलो होतो, कार्ड म्हणजे किल्ली समजा. ते साऱ्या गावाले तसंच सांगत.”

“दुसरी प्रत?”

प्रफुलनं गाडीचा वेग कमी केला. “करून देतो, करून देतो म्हणत राह्यलो, भाऊ.”

रामाजींनी पुढे विचारलं नाही. तसलंच वाक्य त्यांनीही कुणाला तरी ऐकवलं होतं.

*

गुरुजींची मुलगी सरिता गोंडपिपरीला शिक्षिका. बापाच्या पुण्यानुमोदनाला आली ती रजा काढून आईजवळ राहिली होती. प्रफुलला तिनं आत बोलावलं नाही. तो अंगणातल्या कडुलिंबाखाली उभा राहिला.

घरात भिंतीला बुद्धाची तसबीर, तिच्याखाली गुरुजींचा फोटो, आणि फोटोजवळ पाटी.

“नेमकं काय झालं, बाई?” रामाजींनी विचारलं.

“बाबांना चोवीस तारखेला लिहितालिहिताच कळ आली. त्यांनी पाटी बंद केली अन् खाटेवर पडले. गेल्यावर आईनं ती तशीच फोटोजवळ ठेवली. पडद्यावर शेवटचं पान होतं.”

“बंद पाटीवर?”

“हो. तेरा दिवस. लोक येऊन पाहून जायचे. सहा तारखेला पुण्यानुमोदन. जेवणं व्हायच्या आधी हा शहाणा म्हणाला, काकाजीचं काम सगळ्यांना उघडून दाखवतो. बटन दाबलं. पान गेलं, कंपनीचं चित्र आलं, अन् मागून रिकामं कपाट. एक शब्द नाही.” तिनं पाटीकडे बोट केलं. “आता लोक काय म्हणून राह्यले माहीत आहे? म्हणे गुरुजी अकरा वर्षं नुसते बसून राह्यचे. काही लिहिलंच नव्हतं.”

“त्या दिवसाचा फोटो आहे काय?”

तिनं मोबाइल पुढे केला. फुलं, मेणबत्त्या, आणि पाटी. रामाजींनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो नाकाशी धरला, बोटांनी मोठा केला. पान स्वच्छ वाचता येत होतं. वरच्या कोपऱ्यात बारीक आकडे होते : २४ मार्च, ९.४०.

“फोटो कधीचा?”

“सहा एप्रिल. बटन दाबायच्या अर्ध्या तासाआधीचा.”

रामाजी दारात गेले. “प्रफुल, पाटी बंद असली तरी पान कसं दिसते?”

“या पडद्याले अक्षर बदलाले करंट लागते, धरून ठेवाले लागत नाई. बंद करताना पडदा पुसाची सोय मी टाकलीच नव्हती.”

“म्हणजे कार्ड काढून घेतलं असतं, तरी पान दिसत राह्यलं असतं?”

“हो, पण कार्ड आतच होतं, भाऊ. मी त्याच दिवशी पाह्यलो. काळं कार्ड, बरोबर जागेवर. फक्त मेलेलं. कोणत्याच कॉम्प्युटरले उघडत नाई. मी बटन जोरात दाबलो असंन...”

“दाखव.”

पाटीच्या बाजूच्या फटीतून प्रफुलनं कार्ड काढून दिलं. मोबाइलमध्ये बसतं तसं नखाएवढं नव्हतं. पोस्टाच्या तिकिटाएवढं, जाडसर.

“हे मोबाइलमध्ये चालत नाई ना?”

“नाई जी. जुन्या पाटीत, नाई तं मोठ्या कॅमेऱ्यात.”

रामाजींनी कार्ड तिरकं करून उजेडात धरलं, अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. एका कोपऱ्यात नख अडखळलं. डिंकाचा चिकट काठ आणि त्याला धरून राहिलेला कागदाचा एक बारीक कपटा. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि फाटल्या की सोलल्या होत्या. घाईनं सोललेली चिठ्ठी असाच कोपरा मागे सोडते.

“यावर चिठ्ठी तू लावली होती?”

“नाई.”

“गुरुजींनी?”

“ते काऊन लावतीन? एकच तं कार्ड होतं.”

आपण उगाच काहीतरी शोधतोय, असं रामाजींना वाटलं. म्हाताऱ्या माणसाला कुठेही चिठ्ठ्याच दिसतात. त्यांनी कार्ड खिशात ठेवलं आणि एक माणूस विचारायचा राहिला होता, त्याच्याकडे वळले.

*

अंजनाबाई परसात टोपलीत मोहफुलं वाळवत होत्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून पाटीबद्दल त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रफुलनंही नाही, सरितानंही नाही.

“वैनी, त्या पाटीचं कार्ड तुम्ही कधी पाह्यलं काय?”

“पाह्यलं म्हणजे? मीच तं फटीत टाकून देत होती.” बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. “यांचे डोळे असे. रोज उलटं घालत अन् मले हाक मारत. शेवटी मी त्याच्यावर नखपालिशचा लाल ठिपका लावली. ठिपका वर आला की सुलटं. सरिताचीच शिशी होती.”

रामाजींनी खिशातलं कार्ड काढून त्यांच्या ओल्या तळव्यावर ठेवलं.

बाईंनी ते उलटंसुलटं केलं. “हे आमचं नोहे.”

“ठिपका पुसला असंन?”

“पुसला तं खूण राह्यते, भाऊ. हे आमचं नोहेच.”

मागे दारात सरिता येऊन उभी होती. 

“तुम्ही दवाखान्यात होते तवा घर कोणाजवळ होतं?”

“कोणाजवळ म्हणजे, प्रणितजवळ. माह्या बहिणीचा. शेळ्या त्यानंच पाह्यल्या, किल्ली त्याच्याचकडे. सोन्यासारखा पोट्टा. मौसाजी गेले तवा माह्याहून जास्त तोच रडला.”

“काय करते तो?”

“जंगलखात्यात रोजीनं आहे. ते वाघाचे डबे लावते.”

रामाजी टोपलीजवळ खाली बसले. गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. आपलं बरोबर निघावं, असं त्यांना आयुष्यात क्वचित वाटलं होतं. आज तर मुळीच वाटत नव्हतं.

“त्याले चहाले बोलवा,” ते म्हणाले.

*

प्रणित आला तो कामावरूनच, खाकी शर्टात, कमरेला कापडी पाकीट. पंचवीसेक वर्षांचा, काटक. रामाजींना पाहून हसला. अंगणात प्रफुलला पाहून हसू गेलं.

“बस ना बाप्पा,” अंजनाबाई म्हणाल्या. “भाऊले काही विचारायचं आहे.”

“पाकिटात काय आहे, प्रणित?” रामाजींचा आवाज त्यांच्याच कानाला बारीक वाटला.

“कॅमेऱ्याचे कार्ड. आज बदली केली. आतले काढून ऑफिसात जमा कराचे.”

“प्रत्येकावर चिठ्ठी राह्यते?”

“हो जी. कॅमेऱ्याचा नंबर. नाई तं कोणता वाघ कुठी दिसला, काही समजत नाई.”

“ज्याच्या चिठ्ठीचा कोपरा तुटका आहे, ते दाखव बरं.”

प्रणितचा हात पाकिटावर थांबला. परसात कोंबडी कलकलली. मग त्यानं एकेक कार्ड चाळलं आणि एक काढून दिलं. ‘७ ब’. चिठ्ठीचा एक कोपरा तुटका होता.

रामाजींनी खिशातलं मेलेलं कार्ड शेजारी ठेवलं. त्यावरचा कागदाचा कण तुटक्या कोपऱ्याला बरोबर लागत होता.

“वैनी, ओलं फडकं द्या.”

त्यांनी फडकं चिठ्ठीवर धरलं आणि मनात पन्नास मोजले. पुस्तकाची चिठ्ठी अशीच काढायची असते, घाई करायची नसते. मग नखानं कड उचलली. चिठ्ठी सबंध निघाली.

खाली मसुराच्या डाळीएवढा लाल ठिपका होता.

अंजनाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

“मी सांगतो,” रामाजी म्हणाले. “चुकलं तं तूच सुधार. सव्वीस तारखेले दुपारी रुखमाबाईले वाघानं नेलं. अंधाराच्या आत कॅमेरे लागले पायजेत, असा निरोप आला. तू सात नंबरवर गेला अन् ब-चं कार्ड चालेना. दुसरं मागवाले सिंदेवाहीले जावं लागलं असतं, अन् तोवर वाघ निघून गेला असता. मौसाजीच्या पाटीत तसंच मोठं कार्ड आहे, हे तुले माहीत होतं. घराची किल्ली तुह्या खिशात होती. ते चांगलं कार्ड तू काढला. फट उघडी दिसू नये म्हणून आपलं मेलेलं कार्ड आत सरकवला. त्यावरची सात-बची चिठ्ठी सोलून या कार्डावर लावला, नंबर तं तोच पायजे होता. बंद पाटीवरचं पान जसंच्या तसं राह्यलं. म्हणून कोणाले काही समजलं नाई. पान दिसत होतं, पण त्याच्यामागचं सारं तुह्या कॅमेऱ्यात गेलं होतं. प्रफुलनं बटन दाबलं तवा मिटाले काही उरलंच नव्हतं.”

प्रणितनं मान वर केली नाही.

“चोरी कराले नाई गेलतो, भाऊ. मौसाजी म्हणत कार्ड म्हणजे किल्ली. मले वाटलं, शब्द पाटीत आहेत. किल्ली दोन दिवसांनी आणून देऊ.”

“मग कॅमेऱ्यात टाकला तवा?”

“कॅमेऱ्यात कार्ड टाकलं की पहिलं काम फॉरमॅट. जुने फोटो राह्यले तं मोजणी चुकते, म्हणून शिकवलंच तसं. बोट आपोआप जाते. कार्डात काय आहे, कोणी पाह्यत नाई.” त्यानं डोळे पुसले. “सहा तारखेले प्रफुलनं बटन दाबलं अन् तो म्हणाला, सारं कार्डात होतं. तवा मले समजलं.”

“अन् तू उभा राह्यला?” सरिता ओरडली. “याले आम्ही कुत्र्यासारखं हाकललं, अन् तू तिथंच पंगतीत वाढून राह्यला होता!”

“हो.”

“काऊन रे?”

“मावशी मले सोन्यासारखा म्हणते,” प्रणित म्हणाला. “मले बोलताच नाई आलं.”

अंगणातून प्रफुल आत आला. कुणी बोलावलं नाही, कुणी अडवलंही नाही. त्यानं लाल ठिपक्याचं कार्ड उचललं. “या कार्डावर किती वेळा लिहिलं गेलं?”

“दर आठवड्याले ऑफिसात फोटो काढून घेतात. मग परत फॉरमॅट, परत फोटो. गवत हललं तरी फोटो निघते. रोजचे हजार.”

“वाघ याच कार्डात आला होता?”

“याच. उजवं अंग. त्याच्यावरूनच ओळखला.”

प्रफुलनं दोन दिवस खटपट केली, त्याला माहीत असलेलं सगळं केलं. कार्डातून निघालं ते गवत, चितळ, वानरं, एका म्हशीची पाठ, आणि मोटारसायकलवरून जाणारा तो स्वतः, मागे चष्मा सावरणारे रामाजी. एक अक्षर निघालं नाही.

*

निघायच्या दिवशी सरितानं रामाजींना वाकून नमस्कार केला. “तुमच्यामुळे समजलं, काका. दोषी सापडला.”

“एक राह्यला,” रामाजी म्हणाले.

त्यांनी पिशवीतून ती चिठ्ठी काढली. काल वाचनालयात जाऊन त्यांनी तो खण उघडला होता. सरितानं वाचली. बापाचं टपोरं अक्षर होतं.

‘रामाजी, चार हजार शब्द झाले. काय सांगावं, उद्या मी नसलो तर? वाचनालयाच्या प्रिंटरवर एक प्रत काढून दे. कागद मी आणतो.’

“जानेवारीची आहे,” रामाजी म्हणाले. “सचिवाची परवानगी लागते. मी तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो. तो माणूस मोठ्यानं बोलते. मी परत आलो. गुरुजीले म्हणालो, पूर्ण होऊ द्या, मग पाहू.”

सरितानं चिठ्ठीची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत ठेवली. तिनं त्यांना दोष दिला नाही, पण ‘असू द्या’ असंही म्हणाली नाही.

उरलं ते एक पान, तेही मोबाइलच्या फोटोत. त्यावर चौदा शब्द. प्रत्येकापुढे अर्थ, आणि अर्थापुढे सांगणाऱ्याचं नाव. तेरा पूर्ण होते. चौदाव्या ओळीत गुरुजींना कळ आली असावी. शब्द होता ‘कोहमाड’. अर्थाची जागा कोरी. पुढे नाव : रुखमाबाई.

रामाजींनी अंजनाबाईंना विचारलं. “त्या दिवशी सकाळी आली होती ती, बोलत बसली होती,” बाई म्हणाल्या. “मी भाकरी टाकून राह्यली होती. मले तो शब्द नाई माहीत, भाऊ.”

गावातल्या आणखी तीन म्हाताऱ्यांना विचारलं. कुणाला माहीत नव्हता.

शेवटी ते मुखरूकडे गेले. रुखमाबाईचा नवरा ओट्यावर बसला होता, बाजूला तिची रिकामी टोपली. रामाजींनी शब्द सांगितला. मुखरूनं तो पुटपुटून पाहिला, एकदा, दोनदा.

“म्हणत होती ती. कायम म्हणत होती.”

“कशाले म्हणत होती? झाडाले? पाखराले? वाटेले?”

मुखरूनं टोपली जवळ ओढली.

“ती बोलत राह्यची, भाऊ,” तो म्हणाला. “मी कुठी ऐकत होतो?”

दुसऱ्या दिवशी दुपारी रामाजींनी वाचनालयात ते पान हातानं उतरवलं. चौदाव्या ओळीतली जागा तेवढीच कोरी ठेवली, गुरुजींनी सोडली होती तेवढी. मग दाखल नोंदवही उघडून क्रमांक टाकला, लेखकाचं नाव लिहिलं, आणि पानांच्या रकान्यात ‘एक’ असं लिहिलं.